आर्टेटाबद्दलचं माझं मत पुन्हा बदलतंय

अकरावा_गडी

२०२४-२५ चा हंगाम संपून महिना झाला, पण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलो. विषय आर्सेनलचा मॅनेजर मिकेल आर्टेटा. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

डिसेंबर २०१९ मध्ये त्याची नेमणूक झाली तेव्हा मी ठाम विरोधात होतो. आधीच्या मॅनेजरला, एमरीला, नुकतंच काढलं होतं, ल्युंगबर्ग तात्पुरता किल्ला लढवत होता, आणि अशा वेळी क्लबने आणलं कोणाला, तर ज्याने कधी एका संघाचीही जबाबदारी एकट्याने घेतली नव्हती त्याला. मँचेस्टर सिटीत गार्डिओलाच्या शेजारी साडेतीन वर्षं उभं राहिलं म्हणून कोणी गार्डिओला होत नाही, असं मी तेव्हा भेटेल त्याला ऐकवत होतो. खेळाडू म्हणून मला तो फार आवडायचा. २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून ८-२ ची जखम घेऊन आलो आणि तीनच दिवसांत तो एव्हर्टनहून आला, पुढची पाच वर्षं इमानेइतबारे खेळला. पण कप्तानी वेगळी आणि मॅनेजरकी वेगळी.

मग १ ऑगस्ट २०२०, एफए कपची फायनल. रिकामं वेम्बली, समोर चेल्सी, आणि पाचव्याच मिनिटाला पुलिसिचचा गोल. तिथून आपल्या कप्तानाने, ओबामेयांगने, पेनल्टीवर बरोबरी साधली आणि दुसऱ्या हाफमध्ये बचावपटूला आत-बाहेर नाचवून गोलीच्या अंगावरून बॉल अलगद जाळ्यात टाकला. उपांत्य सामन्यात सिटीला २-० ने घरी पाठवलं होतंच. कप उंचावायच्या क्षणी तो ओबामेयांगच्या हातून निसटून खाली पडला, तेव्हा मी एकाच वेळी हसत आणि रडत होतो. चौदावा एफए कप. त्या रात्री माझं मत पहिल्यांदा फिरलं.

ते पाच महिनेही टिकलं नाही. ख्रिसमसला आपण पंधरावे होतो, १४ सामन्यांत १४ गुण. घरच्या मैदानावर बर्नलीकडून हरलो; झाकाने समोरच्याचा गळा धरून रेड कार्ड घेतलं आणि ओबामेयांगने आपल्याच जाळ्यात गोल केला. त्याआधी शेजारच्या टॉटनहॅम, म्हणजे स्पर्सविरुद्ध चाळीसहून जास्त क्रॉस टाकून हाती शून्य. आणि सामन्यानंतर हा माणूस सांगतो की हे निव्वळ गणित आहे, बॉक्समध्ये माणसं भरली की गोल होणारच. मी त्या आठवड्यात लिहिलं होतं की याला आजच्या आज घरी पाठवा. मनापासून लिहिलं होतं.

बॉक्सिंग डेला चेल्सीविरुद्ध साका, स्मिथ रो आणि मार्टिनेली एकत्र उतरले आणि आपण ३-१ ने जिंकलो. बरेच जण तिथून नवं आर्सेनल सुरू झालं म्हणतात. खरं आहे, पण विलियन, लुईझ, गॅब्रिएल त्या दिवशी नव्हते, हेही खरं. पोरांना संधी काही अंशी नाइलाजाने मिळाली. त्यामुळे मी लगेच विरघळलो नाही. हंगाम आठव्या स्थानावर संपला, २५ वर्षांत पहिल्यांदा युरोपातली एकही स्पर्धा नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये ब्रेंटफर्ड, चेल्सी, सिटी असे तीन पराभव, नऊ गोल खाल्ले, एकही केला नाही, तळाला विसावे.

तरी माझं मत त्याच वर्षी बदलायला लागलं. कारण गुणतक्ता नव्हता, ग्रानिट झाका होता.

२७ ऑक्टोबर २०१९ ची क्रिस्टल पॅलेसची मॅच ज्यांनी पाहिलीय त्यांना ते दृश्य पुसता येणार नाही. दुसऱ्या हाफमध्ये एमरीने कप्तानालाच बाहेर बोलावलं. तो संथ चालत निघाला, स्टेडियममधून हुर्यो सुरू झाली, त्याने कानामागे हात धरून लोकांना आणखी ओरडायला खुणावलं आणि बोगद्यात शिरण्याआधी जर्सी उतरवली. मीही त्याला शिव्या घालणाऱ्यांत होतो. कप्तानी गेली. सामान बांधून झालं होतं, जर्मनीला जायचं ठरल्यात जमा होतं. आर्टेटा आला आणि त्याने झाकाला थांबवून घेतलं. सहा महिने दे, तरीही जावंसं वाटलं तर जा, असं सांगितल्याचं झाकानेच पुढे लिहिलं.

२०२२-२३ मध्ये त्याच झाकाला त्याने डावीकडे पुढे सरकवलं. बॉक्समध्ये उशिरा घुसणारा खेळाडू केलं त्याला, आणि लीगमध्ये सात गोल झाले. शेवटच्या दिवशी, २८ मे २०२३ ला, वुल्व्ह्सविरुद्ध पहिल्या पंधरा मिनिटांत दोन गोल. ज्या स्टँड्सनी त्याला हाकलून लावलं होतं तिथूनच ‘थांब’ म्हणून गाणी. मी या दोन्ही मॅचेसचे तुकडे एकापाठोपाठ एक बघितले. आपल्या एमिरेट्स मैदानाचं तेच गवत, तोच बोगदा. साडेतीन वर्षांत एका माणसाचा असा कायापालट जो करतो त्याला मॅनेजरकी येत नाही, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

त्या हंगामात २४८ दिवस आपण अव्वल होतो. लिव्हरपूलच्या अॅनफिल्डला २-० वरून २-२, वेस्ट हॅमला पुन्हा २-० वरून २-२, साउदॅम्प्टनशी घरी ३-३, आणि मग सिटीकडे ४-१. बचावपटू सलिबाची पाठ गेली आणि त्याच्या जागी उभा करायला तोलामोलाचं कोणी नव्हतं. ८४ गुण. आर्टेटावर एका शब्दाचाही राग नव्हता. पुढच्या वर्षी ८९ गुण, ९१ गोल केले, २९ खाल्ले, सिटीचे ९१ गुण. यावर काय बोलणार! तेव्हा तर मी त्याच्यासाठी लोकांशी भांडलोय.

आता २०२४-२५. पुन्हा दुसरे, पण ७४ गुण आणि १४ बरोबरी. ९१ गोलांवरून ६९ वर. दुखापती झाल्या, रेड कार्डं मिळाली, सगळं मान्य. मला छळतंय ते वेगळंच आहे. जानेवारीत व्हिलाविरुद्ध २-० झाल्यावर २-२. एप्रिलमध्ये पॅलेसविरुद्ध दोनदा आघाडी घेऊन २-२, मातेताने दुरून आपला गोली राया पुढे आलेला बघून डोक्यावरून बॉल टाकला. पूर्वी आघाडी घेतली की मी तिसरा गोल कधी होतो ते बघत बसायचो. आता आघाडी घेतली की संघ सावध होतो, पास मागे जायला लागतात आणि माझ्या पोटात गोळा येतो.

आर्टेटाने आपल्याला वर काढलं ते नियंत्रणाच्या जोरावर. कोण कुठे उभा राहील, बॉल गेला तर पहिला कोण धावेल, शिस्त मोडली तर कप्तानाच्याही दंडावरची पट्टी कशी निघेल (ओबामेयांगची निघाली, आणि त्या वेळी मी आर्टेटाच्या बाजूने होतो). मला आता वाटायला लागलंय की ज्या गुणामुळे तो आठव्या स्थानावरून दुसऱ्यावर पोचला तोच गुण दुसऱ्यावरून पहिल्यावर जाताना पायात येतोय.

त्याला काढा असं मी म्हणत नाहीये. पण बिनशर्त विश्वास राहिलेला नाही, आणि हे स्वतःशी कबूल करताना वाईट वाटतंय. तुमचं काय?

---

तिसरा_हाफ

मनापासून लिहिलंय म्हणून मनापासून असहमती नोंदवतो.

दुखापती ‘मान्य’ म्हणून एका शब्दात गुंडाळल्यात, ते पटलं नाही. ओडेगार्ड सप्टेंबरात नॉर्वेकडून खेळताना घोटा दुखावून बसला. साकाची मांडी डिसेंबरात गेली ती थेट एप्रिलमध्ये परतला. बेन व्हाइटच्या गुडघ्याचं ऑपरेशन. म्हणजे उजव्या बाजूचं ते त्रिकूट, ज्याच्यावर ९१ गोलांचा डोलारा उभा होता, ते जवळजवळ पूर्ण हंगाम एकत्र नव्हतंच. त्यात जेझुसचा गुडघा आणि फेब्रुवारीत हॅवर्ट्झचा हॅमस्ट्रिंग. लेस्टरला मेरिनोला, एका मिडफिल्डरला, शेवटची वीस-पंचवीस मिनिटं स्ट्रायकर म्हणून पाठवलं आणि त्याने दोन गोल केले. नियंत्रणाचं वेड लागलेला माणूस असा जुगार खेळतो का?

आणि चॅम्पियन्स लीगमधलं रेयाल माद्रिद. घरी ३-० , राइसच्या दोन फ्री किक. त्याने आयुष्यात आधी एकही फ्री किक थेट जाळ्यात मारली नव्हती! मग त्यांच्या मैदानावर, बर्नाबेऊत, जाऊन २-१. मी २००६ च्या फायनलपासून अशा रात्रीची वाट बघत होतो. स्ट्रायकर नसलेल्या संघाने हे केलं.

---

जुना_हायबरी

१८ मार्च २०१७ ची गोष्ट सांगतो. वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर आपण ३-१ ने हरत होतो आणि वर आकाशात विमान फिरत होतं, मागे तेव्हाचे मॅनेजर वेंगर यांना मुदतवाढ देऊ नका असा फलक. थोड्या वेळाने दुसरं विमान आलं, वेंगर यांच्या बाजूने. खाली खेळाडू खेळतायत आणि वर आपलीच माणसं एकमेकांशी भांडतायत. मी त्या वेळी पहिल्या विमानाच्या पक्षात होतो.

वेंगर यांनी २२ वर्षं दिली. तीन लीग विजेतेपदं, सात एफए कप, २००३-०४ चा तो एकही सामना न हरलेला हंगाम. आणि मी शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्याबद्दल जे बोललो ते आठवलं की आज झोप उडते. ते गेल्यावर मे २०१८ मध्ये मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. नुसती पोकळी राहिली.

अकरावा_गडी, हे मी तुम्हाला गप्प करायला सांगत नाहीये. उलटच आहे. वेंगरच्या बाबतीत वागलो त्याचा सल मनात आहे म्हणून आर्टेटाच्या बाबतीत मी गरजेपेक्षा जास्त मऊ झालोय का, असं मी स्वतःला विचारतो. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांचं हे झालंय. पुन्हा तीच चूक नको म्हणून आपण प्रश्नच विचारत नाही. तुम्ही विचारलात, बरं केलंत.

फक्त एक फरक लक्षात घ्या. वेंगर यांच्या शेवटच्या वर्षांत बाहेरच्या मोठ्या सामन्यांना जाताना हरायची सवय लागली होती. आर्टेटाचा संघ सिटीकडे जाऊन दहा जणांनिशी पूर्ण दुसरा हाफ २-१ धरून ठेवतो आणि शेवटी ९८ व्या मिनिटाला स्टोन्स गोल करतो. त्या रात्री मला हरल्यासारखं वाटलंच नाही. किती वर्षांनी आपले खेळाडू एकमेकांसाठी अंगावर बॉल झेलत होते.

---

कॉर्नरफ्लॅग

झाकाचं वाचून डोळ्यात पाणी आलं, पण नाण्याची दुसरी बाजू आपला आधीचा गोली रॅम्सडेल आहे.

२०२१ मध्ये तो शेफिल्ड युनायटेडहून आला तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी नाकं मुरडली होती. नॉर्विचविरुद्ध लीगमध्ये पहिल्यांदा उभा राहिला आणि संघाचा सूरच बदलला. स्टँडकडे वळून आरोळ्या ठोकणारा, प्रतिस्पर्धी प्रेक्षकांना भिडणारा. २०२२-२३ च्या वर्षाच्या संघात इतर खेळाडूंनी त्याला निवडलं. आणि पुढच्याच सप्टेंबरात एव्हर्टनला जाताना गोलमध्ये राया. रॅम्सडेलने काहीही चूक केली नव्हती. नंतरच्या एका सामन्यात कॅमेरा त्याच्यावर गेला, रायाच्या बचावावर तो बेंचवरून टाळ्या वाजवत होता. तो चेहरा मी विसरू शकत नाही.

निकालाने आर्टेटा बरोबर ठरला. रायाने १६ सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, सर्वाधिक क्लीन शीटचा गोल्डन ग्लव्ह नेला. पायाने बॉल खेळण्यात आणि क्रॉस पकडण्यात तो सरस आहे हे मलाही दिसतं. पण झाकाच्या गोष्टीवरून जर तुम्ही मत बनवलंत, तर रॅम्सडेलच्या गोष्टीवरून ते हललं का नाही? माणूस ओळखणारा मॅनेजर की यंत्र चालवणारा? मला तरी दोन्ही एकाच माणसात दिसतात आणि म्हणून मला त्याच्यावर प्रेमही करता येत नाही, रागही धरता येत नाही.

---

व्हाइट_हार्ट

स्पर्सचा माणूस आहे, बोलू द्या.

तुम्ही तीन वर्षं दुसरे आलात म्हणून दुःखात आहात. आम्ही या वर्षी २२ सामने हरलो, १७ वे आलो, आणि २१ मे ला बिलबाओमध्ये युरोपा लीग जिंकलो. २००८ नंतरचा पहिला चषक. १७ वर्षं! आमच्या मॅनेजरने, पोस्टेकोग्लूने, दुसऱ्या वर्षी मी नेहमी काहीतरी जिंकतो असं सांगितलं होतं आणि शब्द पाळला. सोळा दिवसांनी त्याला काढलं.

मला काढणं पटलं का? डोकं म्हणतं की २२ पराभवांनंतर दुसरं काही शक्य नव्हतं. मन म्हणतं की ज्याने माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर फुटबॉलची रात्र दिली त्याला असं पाठवायला नको होतं. त्यामुळे मॅनेजरबद्दल एकच एक मत असावं ही अपेक्षाच मी सोडून दिलीय. पोचेट्टिनो आमच्याकडे पाच वर्षं होता, एकही चषक नाही, आणि आजही मला तो परत यावासा वाटतो.

तुमच्या जागी असतो तर आर्टेटाला हात लावला नसता. पण तुमचा प्रश्न मला समजतो. नुसतं वर राहण्याने पोट भरत नाही.

---

अकरावा_गडी

व्हाइट_हार्ट, मनापासून लिहिलंत. बिलबाओची रात्र बघताना मला तुमच्या लोकांचा हेवा वाटला, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

कॉर्नरफ्लॅग, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. उत्तर असं आहे की रॅम्सडेलच्या वेळी मी बघायचं टाळलं. संघ जिंकत होता. जिंकत असताना मॅनेजरचा कठोरपणा हा बाणेदारपणा वाटतो आणि अडखळला की तोच हट्ट वाटतो. मी आज जे नियंत्रण-नियंत्रण म्हणतोय ते रॅम्सडेलला बसवलं तेव्हाही तिथेच होतं, मी टाळ्या वाजवत होतो इतकंच.

तिसरा_हाफ, मेरिनोचा मुद्दा बिनतोड आहे. पण जानेवारीत क्लबने एकही आक्रमक खेळाडू आणला नाही. जेझुस आधीच गेला होता, साका आधीच गेला होता. तो जुगार निवडलेला नव्हता, ओढवून घेतलेला होता. हा दोष एकट्या आर्टेटाचा नाही, खरेदी बघणारा एडू नोव्हेंबरमध्ये गेला आणि त्याच्या जागी बेर्टा मार्चमध्ये आला, मधल्या काळात खुर्ची तात्पुरत्या माणसाकडे. पण संघबांधणीत त्याचा शब्द मोठा आहे, तेव्हा वाटाही मोठा.

---

रेषेपाशी

गोल कमी का झाले यावर जरा मैदानातलं लिहितो, कारण ‘भित्रा खेळतो’ एवढ्याने चित्र पुरं होत नाही.

आर्टेटाचा संघ हल्ला करताना पाच माणसं शेवटच्या रांगेत ठेवतो आणि उरलेले पाच मागे अशा अंतरावर उभे राहतात की बॉल गेला रे गेला की तीन-चार सेकंदांत घेराव घालता यावा. त्या मागच्या पाचांमुळे आपण २९ आणि ३४ एवढेच गोल खाल्ले. पण २०२३-२४ मध्ये त्या पुढच्या पाचांत साका, ओडेगार्ड सतत जागा बदलत, व्हाइट बाहेरून पळत ओव्हरलॅप देई, आणि बचाव करणाऱ्याला कोणाला धरावं तेच कळत नसे. गेल्या वर्षी व्हाइटच्या जागी बहुतेकदा टिंबर होता. बचावाला भक्कम, पण धाव वेगळी. डावीकडे राइस आणि मेरिनो दोघेही ताकदीचे, पण अरुंद जागेत वळून बचाव फोडणारे नव्हेत. म्हणजे मागचे पाच जास्त सुरक्षित झाले आणि पुढचे पाच जास्त ओळखीचे. समोरचा संघ खाली बसला की आपण अर्धवर्तुळात पास फिरवत राहिलो.

कॉर्नरचं तर वेगळंच शास्त्र झालंय. २०२१ मध्ये कॉर्नर-फ्री किकचा प्रशिक्षक निकोलस जोव्हर आला तेव्हापासून. साका आणि राइस आतल्या बाजूला वळणारा बॉल मारतात, चार-पाच जण सहा यार्डांच्या चौकोनात गोलीभोवती गर्दी करतात आणि गॅब्रिएल लांबच्या खांबाकडून मोकळी धाव घेऊन येतो. हे बघताना मला अजूनही अंगावर शहारा येतो. पण कॉर्नर हे हुकमी हत्यार झालं की खुल्या खेळातला आळस झाकला जातो. ९१ गोलांच्या वर्षी ते वरकड उत्पन्न होतं, गेल्या वर्षी घर त्यावर चालत होतं.

अकरावा_गडींचं निदान मला अर्धं पटतं. त्याने जाणूनबुजून संघ सावध केला की माणसं नसल्याने संघ सावध झाला, हे गेल्या हंगामावरून सांगता येणार नाही. दोन्हीचा परिणाम मैदानावर अगदी सारखा दिसतो.

---

सायली_गनर

इतके प्रतिसाद झाले आणि २४ मे चं कोणीच लिहिलं नाही! लिस्बनला आपल्या महिला संघाने बार्सिलोनाला १-० ने हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. आपला क्लब, आपली जर्सी. बेथ मीड आणि ब्लॅकस्टेनियस दोघी बदली म्हणून आत आल्या, ७४ व्या मिनिटाला एकीने पास दिला, दुसरीने गोल केला.

विषयाशी थेट संबंध आहे म्हणून लिहितेय. ऑक्टोबरमध्ये मॅनेजर योनास आयडेवालने राजीनामा दिला. रेने स्लेगर्स त्याच्या हाताखाली होती, तिला तात्पुरतं बसवलं, जानेवारीत कायम केलं. तोच संघ, त्याच खेळाडू. उपउपांत्य फेरीत माद्रिदला २-० ने हरून आल्या आणि घरी ३-० ने उलटवलं. उपांत्य फेरीत लियोंकडून घरी १-२ ने हरल्या आणि तिकडे जाऊन ४-१! आयडेवालच्या वेळी हाच संघ मोठ्या सामन्यात हातपाय आखडून खेळायचा. स्लेगर्सने काही जादू केली नाही, मुलींना मोकळं केलं एवढंच दिसत होतं.

म्हणून मला ‘आर्टेटाला धक्का लावू नका, स्थैर्य, स्थैर्य’ हे पूर्ण पटत नाही. आपल्याच क्लबात, याच वर्षी, माणूस बदलल्यावर तोच संघ युरोपात अव्वल झाला. आर्टेटाला काढा असं माझंही म्हणणं नाही. पण बदललं तर सगळं कोसळेल ही जी भीती आपण उराशी धरून बसलोय ती खरी आहे का, एवढं तपासून बघा.

---

तिसरा_हाफ

सायली, लिस्बन राहून गेलं ही आमची चूकच. तो सामना मी पाहिलाय, शेवटची दहा मिनिटं उभा होतो.

पण एक उदाहरण दुसऱ्या बाजूचंही. क्लॉप ऑक्टोबर २०१५ मध्ये लिव्हरपूलला आला. २०१६ मध्ये दोन फायनल हरला, २०१८ मध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल हरला, २०१८-१९ मध्ये ९७ गुण मिळवून दुसरा आला. पहिला चषक जून २०१९ मध्ये, लीग त्याच्या पुढच्या वर्षी. ९७ नंतर त्याला काढायला हवं होतं का?

---

जुना_हायबरी

तिसरा_हाफ, क्लॉप एकंदरीत वरच जात होता. आपण ८४, ८९ आणि मग ७४. उदाहरण तिथेच थोडं लंगडतं.

---

अकरावा_गडी

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

सायली, तुमच्या प्रतिसादाने मला हलवलं. ‘मोकळं केलं’ हा शब्द मी इतके दिवस शोधत होतो. मला दुसरा मॅनेजर नकोय, मला हाच मॅनेजर थोडा मोकळा झालेला बघायचाय. ते त्याला जमत नाही असंही नाही. २ फेब्रुवारीला सिटीला ५-१ ने हरवलं, त्या दिवशी दुसऱ्या हाफमध्ये लुईस-स्केली आणि न्वानेरी, दोन अठरा वर्षांच्या आतबाहेरच्या पोरांनी गोल केले. आघाडी होती आणि तरी संघ थांबला नाही.

रेषेपाशी म्हणतात तेही पटलं. गेल्या वर्षावरून न्याय करता येत नाही. मी पहिल्या पोस्टमध्ये जरा घाईने निदान केलं.

एक गोष्ट मात्र मागे घेत नाही. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पॅरिसमध्ये पीएसजीकडून हरल्यावर त्याने सांगितलं की या स्पर्धेत आपल्यापेक्षा चांगला संघ त्याला दिसला नाही. दोन्ही सामने हरून. ते ऐकताना मला तोच २०२० चा डिसेंबर आठवला, क्रॉसचं ते गणित. खेळाडूंना सावरायला म्हणाला असेल, शक्य आहे. पण मला त्या रात्री त्याच्याकडून एवढंच ऐकायचं होतं की आज आम्ही कमी पडलो.

जुना_हायबरी, वेंगर यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी जपून ठेवलंय. आर्टेटा जाईल त्या दिवशी, कधीही जावो, माझी झोप उडू नये असं मला बोलायचंय आणि तरी खोटं बोलायचं नाहीये.

२०२५-२६ च्या हंगामाचं वेळापत्रक आलंय. पहिलाच सामना युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डला. मी निकाल बघणार नाहीये असं म्हणत नाही, बघणारच. पण आपण १-० ने पुढे असू आणि सत्तरावं मिनिट लागलेलं असेल, तेव्हा चौथ्या पंचाच्या हातातल्या पाटीवर कोणाचा आकडा येतो, बचावपटूचा की न्वानेरीचा, त्याकडे माझं लक्ष असेल.